घटस्फोटाच्या केसमधला वकिलाचा खर्च, कॉस्ट आणि कागदावरच राहणारे आदेश

रानजाई

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणताना वर्ष गेलं. माझ्या धाकट्या बहिणीची केस पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात २०१९ पासून चालली. मागच्या महिन्यात दरखास्तीतले (म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वसुली करून घ्यायच्या अर्जातले) शेवटचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले आणि त्याच संध्याकाळी आईने कपाटातली एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक तारखेचा खर्च तिने त्यात लिहून ठेवलाय, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

एक पान जसंच्या तसं देते. "एसटी सातारा-स्वारगेट दोघींचं. रिक्षा स्वारगेट ते शिवाजीनगर. वकीलसाहेब हजेरी २०००. झेरॉक्स ४२. भत्ता भरला. पिल्लूला बिस्किटं १०. साहेब रजेवर, काम झालं नाही, पुढची तारीख." ('भत्ता' म्हणजे नोटीस बजावायला कोर्टात भरायचे पैसे, 'साहेब' म्हणजे न्यायाधीश.) अशी पानामागून पानं. मी रात्री बसून बेरीज केली. ४,३८,००० रुपये. आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या, हे वहीत लिहिलेलं नाही.

धागा काढायचं कारण एवढंच, की यातला बराच खर्च कायद्याने समोरच्याकडून मागता येतो. आम्ही पहिली दोन वर्षं तो मागितलाच नाही. मागता येतो हेच ठाऊक नव्हतं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २४. लोक त्याला 'अंतरिम पोटगीचं कलम' म्हणतात आणि तिथेच थांबतात. त्यात दोन गोष्टी आहेत: केस चालू असताना दरमहा पोटगी आणि केस लढवायचा खर्च. वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च, कागदपत्रं, सगळं दुसऱ्यात बसतं. बहिणीने सप्टेंबर २०१९ मध्ये अर्ज दिला, त्यात पोटगीबद्दल चार पानं होती आणि शेवटच्या विनंतीत फक्त पोटगी. खर्चाचं अवाक्षर नाही. न मागितलेलं कोर्ट आपणहून कशाला देईल?

फेब्रुवारी २०२१ मध्ये आदेश झाला. दरमहा १२,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून. कलमातच लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्जाचा निकाल लावावा. आमचे सतरा महिने गेले, त्यात कोविडही आला. आदेशाच्या दिवशी आम्ही पेढे वाटले. मेहुण्यांनी तीन महिने पैसे दिले आणि मे २०२१ पासून बंद केले. पहिले वकील म्हणायचे, "देतील हो, दबाव आहे त्यांच्यावर." सहा महिने आम्ही त्या दबावाची वाट बघत बसलो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये वकील बदलले. नव्या वकीलबाईंनी फाइल चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खर्चाचा अर्ज कुठंय?" त्यांनी तो वेगळा दिला. सोबत फीच्या पावत्या, एसटीची तिकिटं आणि ज्या ज्या दिवशी समोरच्याने तारीख मागितली त्या दिवसांच्या रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीच्या) नकला. एप्रिल २०२२ मध्ये ४०,००० रुपये एकरकमी मंजूर झाले. जूनमध्ये दरखास्त टाकली. पोटगीची थकबाकी ३,६०,००० आणि खर्चाचे ४०,०००, मिळून चार लाख.

दरखास्तीचा रस्ता लांब आहे. मेहुण्यांच्या पहिल्या कंपनीच्या नावाने पगारजप्तीचा आदेश निघाला, तोवर त्यांनी नोकरी बदलली. मग नवा पत्ता, नवा अर्ज, पुन्हा भत्ता. दुसऱ्या वेळी मी स्वतः बेलिफसोबत हिंजवडीला गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने आदेश दोनदा वाचला, आत नेऊन दिला आणि पाऊण तासाने शिक्का मारलेली पोच आणून दिली. त्या शिक्क्याचा मी फोटो काढला. तीन वर्षं नुसतं 'आदेश झालाय' म्हणत होतो, त्यातला पहिला रुपया त्या शिक्क्यानंतर हलला.

तारीखवाढीच्या कॉस्टबद्दलही, म्हणजे तारीख लांबवणाऱ्याला कोर्ट जे पैसे भरायला लावतं त्याबद्दलही, सांगते. समोरचे वकील गैरहजर, मेहुणे 'आजारी', साक्षीदार आला नाही. अशा वेळी कोर्टाने तीनदा ५०० रुपये कॉस्ट लावली. आम्हाला वाटायचं, ५०० ने काय होतंय. वकीलबाईंनी दाखवलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब प्रमाणे विलंबाबद्दल लावलेली कॉस्ट पुढच्या तारखेला भरली नाही, तर त्या पक्षाला पुढचं काम चालवता येत नाही. त्यांनी तसा अर्ज दिला आणि त्याच दिवशी १,५०० रुपये कोर्टात भरले गेले. त्यानंतरच्या दोन तारखांना मेहुणे वेळेआधी हजर होते.

तुमचे अनुभव लिहा. आमच्यासारखी उशिरा जाग येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

पेठकर

ताई, वहीचं पान वाचून थांबलो. माझ्या आत्याकडेही अशीच एक वही होती.

एक शंका. बायको माहेरी राहते, तिचे वडील शिक्षक, माहेरचं बरं आहे, म्हणून खर्चाची गरज नाही असं आमच्या ओळखीच्या एका केसमध्ये समोरच्या वकिलांनी लावून धरलं होतं. असं चालतं का?

कृष्णाकाठ

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, अठरा वर्षं झाली. रानजाईताईंनी जे लिहिलंय ते बरोबर आहे. काही गोष्टी जोडतो.

पेठकर, नाही चालत. मनीष जैन विरुद्ध आकांक्षा जैन या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कलम २४ च्या अर्जात पत्नीच्या आईवडिलांची सांपत्तिक स्थिती बघायची नसते. 'शिकलेली आहे, कमवू शकते' हाही नेहमीचा मुद्दा. त्याच वर्षीच्या शैलजा विरुद्ध खोब्बन्ना निकालात म्हटलंय की कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल. प्रकरण मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. त्या निकालामुळे दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना आहे, खेड्यातल्या पक्षकारांनी तो आवर्जून मागून घ्यावा. माहिती खोटी निघाली तर खोट्या शपथेची कारवाई मागता येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच ठरलं. त्याआधी काही ठिकाणी अर्जापासून, काही ठिकाणी आदेशापासून, असा गोंधळ होता.

पक्षकार मला विचारतात, "पैसे देत नाही तर त्याचा बचावच काढून टाका ना." तसं करता येतं, पण त्याच निकालाने तो शेवटचा उपाय म्हटलाय. थकबाकी जाणूनबुजून आणि कोर्टाला न जुमानता ठेवलीय हे दिसायला हवं. म्हणून रोजनाम्याच्या नकला काढा. 'पैसे भरण्यास मुदत मागितली', 'पुन्हा मुदत मागितली', ही चार वाक्यं साहेबांच्या हस्ताक्षरात असली की माझा अर्धा युक्तिवाद झालेला असतो.

वसुलीचं म्हणाल तर पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्यासारखा (दाव्याच्या अंतिम आदेशासारखा) बजावता येतो. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा थोडाच भाग जप्त होतो. पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, उरलेल्या दोन तृतीयांशांपर्यंत जप्ती जाऊ शकते. ऐपत असून न देणाऱ्याला दिवाणी कैदेत तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. आणि राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या २०२१ च्या निकालाप्रमाणे दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायची, नाही काढली तर लेखी कारणं द्यायची. ताईंना तीन वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं, पण हा निकाल अर्जात नमूद करा. फरक पडतो.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं. 'पोटगीच्या रकमेतले वीस टक्के माझे' असं सांगणारा वकील भेटला तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवणंही चुकीचं आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात ते सांगितलंय. फी ठोक ठरवायची की तारखेगणिक, ते वकीलपत्रावर सही करण्याआधी बोला आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. पावती नसेल तर खर्चाच्या अर्जाला जोडणार काय?

माळरान

मी दुसऱ्या बाजूचा. राग येणार असेल तर आधीच क्षमा मागतो, पण लिहितो.

२०१८ मध्ये माझ्यावर दरमहा १५,००० चा आदेश झाला. तेव्हा पगार बरा होता, मी भरत होतो. २०२० च्या जूनमध्ये नोकरी गेली. मी काय केलं? काहीच नाही. कोणीतरी सांगितलं, "उत्पन्नच नाही तर कोर्ट काय करणार?" सोळा महिन्यांनी नवी नोकरी लागली, तेव्हा थकबाकी २,४०,००० झाली होती आणि वॉरंट घरी आलं. आई दारात उभी होती.

परिस्थिती बदलली तर आदेशात बदल मागता येतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. माझा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा होता, त्यासाठी कलम १२७ होतं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती अनुक्रमे १४४ आणि १४६ झाली आहेत. नोकरी गेली त्या आठवड्यात कामावरून काढल्याचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट लावून अर्ज दिला असता, तर हा डोंगर उभा राहिला नसता. मुलगी माझीच आहे, तिचे पैसे बुडवायचे नव्हते. मी गप्प बसलो आणि कोर्टाच्या दृष्टीने गप्प बसणं म्हणजे बुडवणंच ठरलं.

आणखी एक. दोन-दोन कायद्यांखाली पोटगीचे आदेश झाले असतील तर एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करून मागता येते. रजनेश निकालात तेही आहे. फक्त आधीचा आदेश नव्या कोर्टापुढे उघड करायला हवा.

रानजाई

माळरानदादा, राग कशाला? तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आमच्या मेहुण्यांनी एकदा जरी 'अडचण आहे' असा खरा अर्ज दिला असता, तर बहिणीने हप्ते मान्य केले असते. तसं ती समुपदेशकांपुढे बोललीही होती.

कृष्णाकाठ, शेवटच्या हुकूमनाम्यात 'खर्चासह' असं लिहून मिळतं का? आमच्यात परस्पर संमती झाल्यामुळे तो प्रश्न आला नाही.

कृष्णाकाठ

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ खाली कोर्ट खर्च देऊ शकतं. पण कौटुंबिक प्रकरणांत बहुतेक वेळा 'खर्चाबाबत आदेश नाही' असंच येतं, आणि आलाच तर तक्त्याप्रमाणे जी वकील फी धरतात ती प्रत्यक्ष फीच्या जवळपासही नसते. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई तर ३,००० रुपयांवर अडकलीय. सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अपुरी असल्याचं २००९ पासून बोलून दाखवलंय, आकडा तोच आहे. शिवाय फक्त खर्चाच्या मुद्द्यावर हिंदू विवाह कायद्याखाली अपीलही होत नाही. म्हणून माझं प्रत्येक अशिलाला सांगणं असतं, जे मागायचं ते कलम २४ खाली आत्ता मागा. शेवटावर ठेवू नका.

फ्रीमाँटची_लेक

मी कॅलिफोर्नियात असते. माझी केस इथे चालली. तुमचं वाचताना वाटलं, देश वेगळा, दुखणं तेच.

इथे वकील तासावर फी घेतात आणि तास सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. मी रात्री रडत रडत वकिलाला लांब ईमेल लिहायचे. महिन्याच्या बिलात एकेक ईमेल दोन तुकडे, तीन तुकडे असा छापून यायचा. तिसऱ्या बिलानंतर मी वही केली, शंका त्यात लिहायच्या आणि आठवड्यातून एकच ईमेल पाठवायचा. बिल निम्म्यावर आलं. इथे केस सुरू असणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिलं सांगते.

इथल्या फॅमिली कोडमध्ये दोन वेगळी कलमं आहेत. २०३० हे गरजेवर चालतं. एकाकडे पैसा आहे आणि दुसऱ्याकडे वकील लावायलाही नाही, तर दोघांना सारखी लढत देता यावी म्हणून कोर्ट फी द्यायला लावतं. २७१ हे वागणुकीवर चालतं. जो माणूस मुद्दाम तडजोड मोडतो, कागद लपवतो, केस लांबवतो, त्याच्यावर दुसऱ्याच्या फीचा बोजा टाकता येतो. तिथे मागणाऱ्याला स्वतःची गरज सिद्ध करावी लागत नाही. फक्त दंड इतका नसावा, की भरणारा अवाजवी आर्थिक बोज्याखाली येईल.

माझ्या नवऱ्याने पुण्यातला फ्लॅट जाहीरच केला नव्हता. इथे सुरुवातीलाच दोघांनी सगळी मालमत्ता आणि कर्जं एकमेकांना लिहून द्यायची असतात, शपथेवर. माझ्या भावाने तिकडे दस्ताची नक्कल काढली, ती इथे दाखल झाली. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "ही सही तुमची आहे का?" तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. माझ्या फीपैकी १५,००० डॉलर त्याच्यावर बसले.

लपवण्याबद्दल इथलं कोर्ट किती कडक होऊ शकतं, त्याचा २००१ चा एक प्रसिद्ध निकाल आहे. घटस्फोट मागण्याच्या थोडं आधी बायकोला लॉटरी लागली होती, तिचा वाटा सुमारे तेरा लाख डॉलर. तिने ते लपवलं. नंतर उघडकीला आलं आणि कोर्टाने तिचा अख्खा वाटा नवऱ्याला दिला, निम्मा नाही.

भारताशी संबंध असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. इथल्या कोर्टाच्या निकालावर पुण्यातला फ्लॅट आपोआप नावावर होत नाही. ज्यांच्या कोर्टांचे निकाल भारतात थेट बजावता येतात अशा 'परस्पर' देशांच्या यादीत अमेरिका नाही, म्हणून इथला पैशाचा निकाल तिकडे थेट बजावता येत नाही, त्यावर नवा दावा करावा लागतो. ब्रिटन, सिंगापूर, अमिराती हे देश त्या यादीत आहेत. माझ्या वकिलाने फ्लॅटची किंमत धरून तेवढा वाटा त्याच्या इथल्या निवृत्ती खात्यातून वळता करून घेतला. फ्लॅट त्याला राहिला. आईला वाईट वाटलं, मला नाही.

कृष्णाकाठ

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. आणि उलटही खरं आहे. नवरा तिकडे जाऊन एकतर्फी घटस्फोट घेतो, बायको इथे, तिने कधी तिथल्या कोर्टाला मान्यता दिलेली नाही. असा निकाल इथे टिकत नाही. १९९१ च्या वाय. नरसिंह राव प्रकरणात मिसुरीचा घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नव्हता. तिकडून निकालाचा कागद आला म्हणून घाबरून पोटगीचा हक्क सोडू नका.

चिंचेचं_झाड

मी आजच सभासद झाले, हा धागा मैत्रिणीने पाठवला. नवऱ्याने ठाण्यात केस टाकलीय. मी नाशिक जिल्ह्यात माहेरी, मुलगा तीन वर्षांचा. वडिलांची द्राक्षबाग दोन वर्षं गेली. वकिलांनी ५०,००० आधी मागितले. माझ्याकडे नाहीत. तारीख बावीसला आहे. काय करू?

कृष्णाकाठ

ताई, आधी शांत व्हा. बावीसला वेळ आहे.

उद्या तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जा आणि 'तालुका विधी सेवा समिती' विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलात तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला मागून कोणी परत पाठवलं तर हे कलम दाखवा. आधार, समन्सची प्रत आणि लग्नाचा काही पुरावा सोबत न्या. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे.

कोर्ट फीची काळजी करू नका. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

केस ठाण्याहून तुमच्याकडे आणायला मुंबई उच्च न्यायालयात बदली अर्ज देता येतो. लहान मूल, अंतर, सोबतीला कोणी नसणं, हे सगळं त्यात बघितलं जातं. तोवर ठाण्याला गैरहजर राहू नका, एकतर्फी होईल. जाणं अशक्य असेल तर वकिलामार्फत मुदत मागा. आणि तिथे पहिल्याच दिवशी कलम २४ चा अर्ज द्या: पोटगी, केसचा खर्च, आणि प्रत्येक तारखेचा प्रवास. तिन्ही वेगवेगळ्या ओळींत.

रानजाई

चिंचेचं_झाड, अगं, नाशिकहून ठाण्याला जाशील त्या प्रत्येक वेळचं तिकीट ठेव. फाडू नकोस. आई तिकिटं चिकटवायची नाही, नुसती वहीत ठेवायची. काही पुसट होऊन गेली आणि ती अर्जाला लावता आली नाहीत. घरी आल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढ.

आणखी एक, सगळ्यांसाठी. हे मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. परस्पर संमतीवर आलात की संमतीच्या अटींचा मसुदा येतो. आमच्या मसुद्यात दहाव्या कलमात, मुलीच्या भेटीच्या वेळांच्या खाली, एक ओळ होती: "उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावयाचा असून मागील सर्व येणी सोडून दिली आहेत." बहीण थकली होती. पेन हातात घेतलं होतं. वकीलबाईंनी तिचा हात धरला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. त्या एका ओळीत दरखास्तीतली सगळी उरलेली वसुली गेली असती.

ओळ पेनाने खोडली, कडेला दोघांच्या सह्या घेतल्या आणि खाली हाताने लिहिलं, की दरखास्तीतली वसुली पूर्ण होईपर्यंत ती चालू राहील. मेहुणे पंधरा मिनिटं बाहेर जाऊन फोनवर बोलले. मग येऊन सही केली.

चिंचेचं_झाड

आज तालुक्याला जाऊन आले. नाव नोंदवलं. सोमवारी वकील मिळेल म्हणाले. दाखला मागितला नाही. अर्जात तीन ओळी वेगळ्या घालायला सांगेन. रानजाईताई, बसच्या तिकिटाचा फोटो काढलाय.